न्यूझीलंडच्या माणसांना ‘किवी’ का म्हणतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंडचा संघ भारतात खेळायला आला, की आमच्याकडे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. शाळकरी मुलं विचारतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विचारतात आणि ऑकलंड-वेलिंग्टनला मुलगा किंवा सून असलेले आजी-आजोबाही विचारतात. त्यांतले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘किवी’ म्हणजे नेमकं कोण? देश, संघ की माणूस?

मुळात माणूस. न्यूझीलंडच्या रहिवाशाला किवी म्हणतात. तिथला संघ हा तिथल्या माणसांचा, म्हणून ‘किवी संघ’. देशाला मात्र कुणी किवी म्हणत नाही. ‘किवीमध्ये पाऊस पडला’ असं वाक्य होत नाही. देशाचं माओरी नाव आओतेआरोआ असं आहे आणि आता ते पासपोर्टवर, नोटांवर, सरकारी पत्रांवर न्यूझीलंडच्या जोडीने छापलेलं असतं. ते टोपणनाव नाही, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं देशाचं नाव आहे.

२. आधी पक्षी, आधी फळ की आधी माणूस?

आधी पक्षी, मग माणूस, सगळ्यात शेवटी फळ. आपल्याकडे हा क्रम उलटा वाटतो, कारण बहुतेकांनी किवी पहिल्यांदा पाहिलं ते फळवाल्याच्या गाडीवर. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की त्याचा भाव चढतो, म्हणून ते नाव घराघरांत पोहोचलं आहे. पण फळाला हे नाव १९५९ मध्ये मिळालं (प्रश्न ९). माणसांना ते त्याच्या ४० वर्षं आधीपासून होतं, आणि पक्ष्याला तर युरोपीय लोक तिथे पोहोचण्याच्याही आधीपासून.

३. पक्ष्याला किवी हे नाव कुणी दिलं?

माओरी लोकांनी. त्याच्या मागे दोन कारणं सांगितली जातात. एक म्हणजे नराची रात्रीची शीळ. ती ‘की-वी, की-वी’ अशी तीक्ष्ण, चढत जाणारी असते आणि त्यावरून नाव पडलं. दुसरं असं, की प्रशांत महासागरातल्या बेटांवर लांब, वाकड्या चोचीच्या एका पाणपक्ष्याला ‘किवी’शी मिळतंजुळतं नाव आहे. माओरींचे पूर्वज त्या बेटांवरून होड्यांनी आले, इथे लांब चोचीचा पक्षी दिसला आणि ओळखीचं नाव त्याला चिकटलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हा पक्षी आहेही विलक्षण. कोंबडीएवढा आकार, पंख असून नसल्यासारखे, शेपूट नाही, पिसं केसांसारखी. नाकपुड्या चोचीच्या अगदी टोकाला, त्यामुळे रात्री जमिनीत चोच खुपसून तो वासावर किडे शोधतो. मादीचं अंडं तिच्या वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शापर्यंत भरू शकतं आणि काही जातींत ते उबवण्याचं काम एकटा नर दोन-अडीच महिने करतो. माओरी त्याला वनदेव ताने याचा लपलेला पक्षी म्हणतात. त्याच्या पिसांचे अंगरखे फक्त मोठ्या मानाच्या माणसांच्या खांद्यावर असत आणि आजही मोठ्या समारंभांत ते दिसतात.

२०१४ मध्ये झालेल्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं, की किवीचा सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे मादागास्करमधला, नामशेष झालेला अवाढव्य हत्तीपक्षी. त्याआधी हा मान ऑस्ट्रेलियाच्या एमूला दिला जात होता. शेजाऱ्याचं हे नातं तुटल्याने न्यूझीलंडमध्ये बऱ्याच लोकांना मनापासून बरं वाटलं.

४. उडता न येणारा, दिवसा न दिसणारा पक्षी राष्ट्राची ओळख कसा झाला? गरुड-सिंहासारखं काही का नाही घेतलं?

कुणी बसून निवडलाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूझीलंड ही ब्रिटिश वसाहत होती आणि तिच्यासाठी बरीच चिन्हं वापरात होती: मोआ हा नामशेष झालेला महाकाय पक्षी, नेच्याचं पान, ब्रिटिश सिंहाचा छावा, कधी लहान मुलगा. त्या गर्दीत किवीही होता.

पहिल्यांदा तो दिसतो सैनिकी बिल्ल्यांवर. १८८६ मध्ये साउथ कँटरबरीच्या पलटणीने आणि १८८७ मध्ये हेस्टिंग्जच्या स्वयंसेवक रायफलधारींनी तो बिल्ल्यावर घेतला. १८९८ मध्ये टपाल तिकिटांची चित्रमालिका निघाली, तिच्यातल्या सहा पेनीच्या तिकिटावर किवी होता. १९०५ मध्ये ऑकलंडच्या विद्यापीठ महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या नियतकालिकाचं नावच ‘किवी’ ठेवलं.

पण त्याला घरोघरी नेलं ते वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रकारांनी, आणि तेही रग्बीमुळे. १९०४ मध्ये ब्रिटनचा संघ न्यूझीलंडकडून ९-३ असा हरला, तेव्हा ‘फ्री लान्स’मधल्या चित्रात इवलासा किवी फुगत फुगत मोआएवढा झालेला दाखवला होता. पुढच्या वर्षी न्यूझीलंडचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला, एकामागून एक सामने जिंकत सुटला आणि डिसेंबरमध्ये वेल्सकडून ३-० असा हरला. तेव्हा ट्रेव्हर लॉइड या चित्रकाराने वेल्स घशाखाली न उतरणारा किवी काढला. १९०८ पर्यंत व्यंगचित्रांत न्यूझीलंड म्हटलं की किवी हे पक्कं झालं होतं. मोआ आणि सिंहाचा छावा मागे पडले.

माझ्या मते यात त्या देशाचा स्वभाव दिसतो. गरुड आणि सिंह इतर पुष्कळांकडे होते. हा पक्षी फक्त त्यांच्याकडे होता. लहान, लाजरा आणि जगात दुसरीकडे कुठेच न सापडणारा. दूरच्या टोकाला असलेल्या एका छोट्या देशाला तो आपला वाटला.

पण या टप्प्यावर किवी हे देशाचं चिन्ह होतं, माणसाला हाक मारायचं नाव नव्हतं. ती पायरी पुढे युद्धात चढली गेली (प्रश्न ६).

५. बूट पॉलिशच्या डबीमुळे हे नाव पडलं, असं वाचलं. खरं आहे का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून भागत नाही.

पॉलिशची हकिगत अशी. विल्यम रॅमसे हा ग्लासगोत जन्मलेला, मेलबर्नमध्ये वाढलेला उद्योजक. त्याने हॅमिल्टन मॅकेलन या भागीदाराबरोबर १९०६ मध्ये मेलबर्नमध्ये एक नवं बूट पॉलिश काढलं. त्याची बायको अ‍ॅनी ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या ओआमारू गावची. तिच्या माहेरच्या मानाखातर त्याने पॉलिशला किवी हे नाव दिलं आणि डबीवर तो पक्षी छापला. म्हणजे माल ऑस्ट्रेलियाचा, डोकं स्कॉटिश माणसाचं आणि नाव न्यूझीलंडचं. त्याआधीची पॉलिशं नुसती काळा रंग फासत. हे पॉलिश चमक आणायचं, चामडं मऊ ठेवायचं, पाणी धरू द्यायचं नाही. पुढे त्यात गडद तपकिरी रंगही आला आणि तपकिरी बूट घालणाऱ्या फौजांची सोय झाली.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि लाखो सैनिकांना रोज बूट चमकवणं भाग पडलं. ही चपटी गोल डबी ब्रिटिश आणि नंतर अमेरिकन छावण्यांत सगळीकडे पोहोचली. इंग्लंड-अमेरिकेतल्या ज्या माणसाने आयुष्यात कधी किवी हा शब्द ऐकला नव्हता, त्यालाही रोज सकाळी ब्रश हातात घेताना तो पक्षी दिसू लागला. रॅमसेला मात्र हे काहीच पाहायला मिळालं नाही. तो सप्टेंबर १९१४ मध्ये, युद्धाच्या सुरुवातीलाच वारला.

म्हणून असं म्हणणं बरोबर ठरेल: पॉलिशमुळे टोपणनाव जन्माला आलं नाही, कारण न्यूझीलंडच्या पलटणींच्या बिल्ल्यांवर किवी पॉलिशच्या २० वर्षं आधीपासून होता. पण परक्या फौजांतल्या सैनिकांना तो पक्षी आणि त्याचं नाव आधीच माहीत होतं, याचं बरंच श्रेय त्या डबीला जातं. बिल्ल्यावर तोच पक्षी लावलेला सैनिक समोर आला, की ‘अरे, किवी!’ म्हणणं सोपं गेलं. नुसतं ‘पॉलिशवरून नाव पडलं’ असं परीक्षेत लिहू नका.

६. मग सैनिकांना किवी म्हणायला नक्की कधी सुरुवात झाली? त्याआधी काय म्हणत?

पहिल्या महायुद्धाच्या काळात. १९१७-१८ च्या सुमारास हा शब्द माणसाला उद्देशून वापरलेला आढळू लागतो. त्याआधी इंग्रजी अक्षरांवरून ‘एन-झेडर’, नेच्यावरून ‘फर्नलीफ’, ‘माओरीलँडर’ अशी नावं चालत. ‘डिगर’ तर युद्धात फारच लोकप्रिय होतं, पण ते ऑस्ट्रेलियन सैनिकांनाही लागू होतं. दोन देशांची पथकं एकत्र लढत होती आणि लोक त्यांची सरमिसळ करत होते. फक्त आपलं म्हणावं असं नाव न्यूझीलंडच्या सैनिकांना हवंच होतं.

तेव्हा देशाची लोकसंख्या ११ लाखांच्या आसपास होती आणि त्यातले सुमारे १ लाख लोक परदेशी रणांगणावर गेले. जवळजवळ १८ हजार परत आले नाहीत. घरापासून इतक्या दूर, इतकी वर्षं एकत्र काढलेल्या या माणसांनी हे नाव स्वतःसाठी वापरलं, म्हणून ते टिकलं. दुसऱ्याने चिकटवलेली नावं सहसा टोचतात. या नावाचं तसं झालं नाही (प्रश्न १०).

त्याच काळात वैमानिकांच्या बोलीत मात्र किवी म्हणजे विमान न उडवणारा, जमिनीवरचा अधिकारी. त्या वापराचा न्यूझीलंडशी संबंध नाही. न उडणारा पक्षी एवढाच धागा.

७. इंग्लंडमध्ये डोंगरावर मोठा किवी कोरलेला आहे म्हणतात. तो कुणी आणि का कोरला?

न्यूझीलंडच्या सैनिकांनी, १९१९ मध्ये. ठिकाण विल्टशायरमधलं बुलफर्ड, स्टोनहेंजपासून जवळच. तिथे त्यांची स्लिंग नावाची छावणी होती. युद्ध संपलं तरी घरी न्यायला जहाजं मिळेनात. हजारो माणसं अडकून पडली. संपलेल्या युद्धासाठी रोजची कवायत चालूच राहिली. मार्चमध्ये त्यांचा संयम सुटला आणि छावणीत दंगल झाली. तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना एक काम दिलं: मागच्या टेकडीच्या उतारावरचं गवत आणि माती काढून खालचा खडूचा पांढरा थर उघडा करायचा आणि किवी काढायचा.

चित्रकला शिकवणाऱ्या एका सैनिकाने आराखडा केला. हा किवी सुमारे १३० मीटर लांब आहे. चोचीखाली एन आणि झेड ही अक्षरं आहेत. इतक्या मोठ्या उतारावर रेषा नीट पडाव्यात म्हणून मोजमाप करावं लागलं, मग कुदळ-फावडी घेऊन माती उपसावी लागली. हे करणाऱ्या प्रत्येकाला घरी जायचं होतं.

सैनिक गेले, किवी राहिला. पुढे कितीतरी वर्षं त्यावरचं तण काढण्याचा खर्च किवी पॉलिश कंपनीने दिला. म्हणजे प्रश्न ५ मधली डबी इथे पुन्हा भेटते. १९६७ नंतर तो गवताखाली हरवू लागला, १९८० मध्ये पुन्हा साफ केला गेला आणि २०१७ मध्ये इंग्लंडने त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला. या टोपणनावाचा सगळ्यात मोठा पुरावा कुठे आहे, असं कुणी विचारलं तर मी या टेकडीकडे बोट दाखवेन.

८. सैनिकांचं नाव सगळ्या नागरिकांचं कधी झालं?

हळूहळू, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पक्कं. युद्ध संपल्यावर न्यूझीलंडच्या सैन्याचा रग्बी संघ १९४५-४६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समध्ये सामने खेळला. तो ‘किवीज’ याच नावाने ओळखला जायचा आणि त्याच्या मोकळ्या, आक्रमक खेळाने त्याला फार प्रेम मिळालं. त्यानंतर सैनिक असो की शेतकरी, पुरुष असो की बाई, न्यूझीलंडचं माणूस म्हणजे किवी.

९. फळाला हे नाव कसं मिळालं? ते मूळचं न्यूझीलंडचंच ना?

नाही, फळ मूळचं चीनचं आहे. वांगनुई इथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर १९०४ मध्ये चीनहून परतताना त्याच्या बिया घेऊन आल्या. १९१० मध्ये त्या वेलींना पहिली फळं धरली. तेव्हा त्याला ‘चायनीज गूजबेरी’ म्हणत.

१९५० च्या दशकात ते अमेरिकेला पाठवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या आयातदाराला हे नाव विक्रीच्या दृष्टीने पटेना. ऑकलंडच्या टर्नर्स अँड ग्रोअर्स या कंपनीने आधी ‘मेलोनेट’ सुचवलं. पण त्यात ‘मेलन’ आलं आणि कलिंगड-खरबुजांवर अमेरिकेत आयात शुल्क होतं. मग १५ जून १९५९ ला जॅक टर्नर यांनी ‘किवीफ्रूट’ सुचवलं. तपकिरी, लवदार फळ आणि तपकिरी, केसाळ पक्षी हे साम्य दिसतंच, पण मुख्य हेतू न्यूझीलंडची ओळख सांगण्याचा होता.

एक व्यवहाराची गोष्ट: तिथे फळाला नुसतं ‘किवी’ म्हणत नाहीत, ‘किवीफ्रूट’ म्हणतात. ‘सकाळी दोन किवी खाल्ले’ असं ऑकलंडमध्ये सांगितलं तर ऐकणाऱ्याला आधी पक्षी आठवतो, मग शेजारी. मुलाकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांनी एवढं लक्षात ठेवावं.

१०. न्यूझीलंडच्या माणसाला तोंडावर ‘किवी’ म्हटलं तर अपमान वाटतो का?

नाही. जगातल्या राष्ट्रीय टोपणनावांमध्ये हे सगळ्यात निर्धोक म्हणावं असं आहे. ब्रिटिश माणसाला ऑस्ट्रेलियन लोक ‘पॉम’ म्हणतात तेव्हा त्यात चिमटा असू शकतो. ‘किवी’त तो नाही. लोक स्वतःची ओळख करून देताना हा शब्द वापरतात, पंतप्रधान भाषणात वापरतात. अपवाद फक्त एका संदर्भाचा, तो पुढच्या उत्तरात आहे.

११. माओरी लोकही किवी का? की हे नाव फक्त गोऱ्यांचं?

नाव सगळ्यांचं आहे. माओरी, युरोपीय वंशाचे (त्यांना तिथे ‘पाकेहा’ म्हणतात), सामोआ-टोंगाकडून आलेले, चिनी, भारतीय, सगळेच त्यात येतात. शब्द माओरी भाषेतला, पक्षी माओरींच्या दृष्टीने अमूल्य ठेवा, आणि पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडसाठी लढलेल्यांत माओरी पथकही होतं.

पण एखादी माओरी व्यक्ती स्वतःची ओळख आधी आपल्या ‘इवी’ची, म्हणजे आपल्या वंशगटाची सांगेल आणि किवी नंतर. त्यांच्या जमिनीचा, भाषेचा, ब्रिटिशांशी झालेल्या वैतांगी कराराचा विषय चालू असताना ‘शेवटी आपण सगळे किवीच’ असं म्हणून तो विषय मिटवू पाहणं त्यांना रुचत नाही, आणि का रुचावं? कुणी स्वतःला माओरी म्हणवत असेल तर आपण माओरीच म्हणावं.

१२. क्रिकेट संघ ‘ब्लॅक कॅप्स’, रग्बीचा ‘ऑल ब्लॅक्स’. मग ‘किवीज’ हा कुठला संघ?

अधिकृतपणे ‘किवीज’ हे नाव रग्बी लीगच्या राष्ट्रीय पुरुष संघाचं आहे. रग्बी लीग हा १३ खेळाडूंचा प्रकार. ‘ऑल ब्लॅक्स’ खेळतात तो १५ जणांचा, रग्बी युनियन. २००८ मध्ये याच किवीज संघाने ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाला ३४-२० असं हरवून विश्वचषक जिंकला. क्रिकेटच्या पुरुष संघाला ‘ब्लॅक कॅप्स’ हे नाव १९९८ मध्ये मिळालं. महिला क्रिकेट संघ ‘व्हाइट फर्न्स’, नेटबॉलचा ‘सिल्व्हर फर्न्स’.

मराठी क्रीडा पानांवर क्रिकेट संघाला सर्रास किवी म्हणतात. ते चूक नाही, कारण तिथे तो शब्द माणसांसाठी आहे (प्रश्न १). फक्त रग्बी लीगची बातमी असेल तर घोळ टाळावा.

१३. शेअर बाजाराच्या बातम्यांत ‘किवी घसरला’ असं येतं. ते काय?

न्यूझीलंडचा डॉलर. १९९१ पासून एक डॉलरच्या नाण्यावर किवी आहे, त्यावरून चलन बाजारात त्याला किवी म्हणतात. १९६७ मध्ये पौंड जाऊन दशमान चलन आलं, तेव्हा नव्या चलनाचं नावच ‘किवी’ ठेवा अशीही सूचना होती. शेवटी डॉलर ठरलं.

१४. भारतातून तिथे गेलेला माणूस किवी होतो का? एजाझ पटेलला मुंबईकर म्हणायचं की किवी?

दोन्ही. एजाझ पटेलचा जन्म १९८८ मध्ये मुंबईत झाला, आठव्या वर्षी तो आई-वडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. ४ डिसेंबर २०२१ ला वानखेडेवर त्याने भारताच्या एका डावातले सगळे १० बळी ११९ धावांत घेतले. कसोटीत असं करणारा तो जिम लेकर आणि अनिल कुंबळेनंतर तिसराच. २०२४ मध्ये तो पुन्हा वानखेडेवर आला, सामन्यात ११ बळी घेतले, न्यूझीलंडने २५ धावांनी सामना जिंकला आणि भारतात ३-० अशी मालिका घेतली. त्याआधी पुण्याच्या गहुंजे मैदानावर मिचेल सँटनरने १३ बळी घेतले होतेच. ज्या शहरात जन्मला तिथेच परक्या संघाकडून असा पराक्रम करणाऱ्या पोराबद्दल वानखेडेवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, याचा मला अभिमान वाटतो.

तर उत्तर असं: किवी असण्याला जन्माची अट नाही. तिथे ‘किवी-इंडियन’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. २०२३ च्या जनगणनेत तिथे भारतीय वंशाचे लोक २ लाख ९० हजारांच्या वर होते. फिजीमार्गे भारतीय मुळं असलेले आनंद सत्यानंद २००६ ते २०११ या काळात देशाचे गव्हर्नर-जनरल होते. व्हिसावर नुकताच गेलेला विद्यार्थी स्वतःला लगेच किवी म्हणवत नाही, लोकही म्हणत नाहीत. तिथे घर झालं, मुलं शाळेत जाऊ लागली, की हे आपोआप होतं. त्याला कुठला दाखला लागत नाही.

१५. हे नाव सरकारी कागदपत्रांत चालतं का?

नागरिकत्वाच्या रकान्यात नाही. तिथे ‘न्यूझीलंडर’ किंवा ‘न्यूझीलंड’ लिहायचं. मात्र सरकारी योजना आणि संस्थांच्या नावांत ते मोकळेपणाने वापरलेलं आहे: २००२ ची किवीबँक, २००७ पासूनची निवृत्तिवेतनासाठीची किवीसेव्हर योजना, २००८ ची किवीरेल. तिथे नोकरी लागलेल्या मुलाच्या पगारपत्रकात किवीसेव्हरची कपात दिसली तर घाबरू नका, ती त्याचीच बचत आहे.

थोडी वेगळी गुंतागुंत जनगणनेत होते. २००६ मध्ये वांशिक गटाच्या प्रश्नाला ११.१ टक्के लोकांनी ‘न्यूझीलंडर’ असं उत्तर लिहिलं. राष्ट्रीयत्व आणि वंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की नाहीत, यावर तेव्हा मोठा वाद झाला.

१६. इतकं लाडकं चिन्ह, मग ध्वजावर किवी का नाही?

ध्वजावर ब्रिटनचा युनियन जॅक आणि दक्षिण आकाशातल्या त्रिशंकू नक्षत्राचे चार तारे आहेत. २०१५-१६ मध्ये ध्वज बदलावा का यावर सार्वमत घेतलं गेलं. लोकांकडून दहा हजारांहून जास्त नमुने आले. त्यातला डोळ्यांतून लेझर सोडणारा किवी जगभर गाजला, पण निवडीत टिकला नाही. अंतिम लढत जुना ध्वज आणि नेच्याचं पान असलेला नवा ध्वज यांच्यात झाली आणि ५६.६ टक्के मतं जुन्याला पडली. त्यांच्या राजचिन्हावरही किवी नाही. हवाई दलाच्या विमानांवर मात्र आहे, लाल रंगाचा.

१७. खऱ्या किवी पक्ष्याची आज काय अवस्था आहे?

पाच जाती, एकूण साधारण ७० हजार पक्षी. मुख्य शत्रू म्हणजे माणसांनी नेलेले स्टोट (मुंगसासारखा शिकारी प्राणी), कुत्री, मांजरं. जिथे संरक्षण नाही तिथे शंभरातली जेमतेम पाच पिल्लं मोठी होतात. जिथे गावकरी सापळे लावतात, अंडी उबवून पिल्लं वाढवतात आणि मग सोडतात, तिथे संख्या वाढते आहे. राजधानी वेलिंग्टनच्या टेकड्यांवर नोव्हेंबर २०२२ मध्ये किवी पुन्हा सोडले गेले. शंभरहून जास्त वर्षं तिथे ते नव्हते.

लोकांचा जीव त्यांच्यात किती गुंतला आहे हे मे २०२३ मध्ये दिसलं. अमेरिकेत मयामीच्या प्राणिसंग्रहालयात पाओरा नावाच्या किवीला लख्ख उजेडात टेबलावर ठेवून लोक पैसे भरून कुरवाळत असल्याची चित्रफीत बाहेर आली. निशाचर, लाजाळू पक्ष्याचे हे हाल पाहून अख्खा देश खवळला. प्राणिसंग्रहालयाने माफी मागितली आणि तो प्रकार बंद केला.

म्हणूनच ‘किवींची शिकार’ हा मथळा मला आवडत नाही. भारत जिंकला की मराठीत तो हमखास येतो. ज्या पक्ष्याला मारणं तिथे गुन्हा आहे आणि ज्याला वाचवायला लोक रात्री-अपरात्री रानात जातात, त्याच्या नावापुढे शिकार हा शब्द बरा दिसत नाही. ‘किवींवर मात’ लिहिल्याने विजय लहान होत नाही.

१८. मराठीत कसं लिहायचं? किवी, कीवी की किव्ही? अनेकवचन काय?

‘किवी’ लिहावं. पहिली वेलांटी ऱ्हस्व, शेवटची दीर्घ. ‘किव्ही’ची गरज नाही. अनेकवचनात माणसांसाठी ‘किवी’ तसंच राहतं आणि विभक्ती लागली की ‘किवींनी’, ‘किवींना’ होतं. ‘किवीज’ फक्त रग्बी लीगच्या संघाचं नाव म्हणून (प्रश्न १२). माओरीत अनेकवचनाला ‘स’ लागत नाही, म्हणून तिथे पक्ष्यांच्या बाबतीत एक किवी, दहा किवी असंच म्हणतात. आपल्यालाही तेच सोयीचं.

पहिल्या उल्लेखात गोंधळ होण्याची शक्यता असेल तर ‘किवी पक्षी’, ‘किवी फळ’, ‘किवी फलंदाज’ असं जोडून लिहावं.

१९. कुक बेटांवरचा माणूस किवी का? आणि २० वर्षं सिडनीत राहणारा न्यूझीलंडर?

प्रशांत महासागरातली कुक बेटं आणि निउए यांचा कारभार स्वतंत्र आहे, पण तिथले लोक न्यूझीलंडचे नागरिक असतात. पासपोर्ट न्यूझीलंडचाच. तरी रारोटोंगाला, म्हणजे कुक बेटांतल्या मुख्य बेटावर राहणाऱ्या माणसाला किवी म्हणू नये, तो कुक आयलंडर. तोच ऑकलंडला येऊन स्थायिक झाला तर स्वतःला दोन्ही म्हणवू शकतो.

सिडनीकराचं उलट आहे. ऑस्ट्रेलियात न्यूझीलंडचे लाखो लोक राहतात, आणि तिथे कितीही वर्षं गेली तरी शेजारी त्यांना किवीच म्हणतात, तेही स्वतःला किवीच म्हणवतात. त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांचं काय, हे बहुतेक वेळा रग्बीचा सामना असेल त्या दिवशी घरात कुणाची जर्सी घातली जाते त्यावर ठरतं.